धरणाचं पाणी किती आणि कधी उतरवायचं? देऊळ, नळ, बागा, पक्षी, सगळ्यांचं कसं जमवायचं?

कातळकर | ३ फेब्रुवारी २०२६, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे पण सल्ला मनापासून हवाय, म्हणून सगळं सांगतो.

आमचं गाव राजापूर तालुक्यात, आतल्या बाजूला. गावात लघुपाटबंधाऱ्याचं मातीचं धरण आहे, साठा साधारण एक दलघमी (दशलक्ष घनमीटर). धरण झालं तेव्हा एक वाडी उठली आणि वाडीतलं शंकराचं देऊळ पाण्यात गेलं. पिंडी वर नव्या देवळात नेऊन रीतसर प्रतिष्ठा केली, पण जुना चौथरा, नंदी आणि जांभ्याची दीपमाळ तिथेच राहिली. मार्चअखेर दीपमाळेचं टोक पाण्याबाहेर येतं, एप्रिलात खांदा दिसतो, मेमध्ये चौथरा मोकळा होतो. आमच्याकडे पाणी किती उरलं ते कोणी मीटरमध्ये सांगत नाही, "दीपमाळ खांद्याला आली" म्हटलं की सगळ्यांना कळतं.

वैशाखी पुनवेला उठलेल्या वाडीची माणसं मुंबई-पुण्याहून, बोरिवली-नालासोपाऱ्याहून येतात. चौथऱ्यावरचा शेवाळ आणि गाळ खरवडून धुतात, मग अभिषेक, भजन, महाप्रसाद. धरण झाल्यावर जन्मलेली पोरंसुद्धा येतात आणि "आपलं घर कुठे होतं" म्हणून आजीला विचारतात. आजी भेगाळलेल्या गाळात काठीने रेघा मारून दाखवते, ही ओटी, इथे न्हाणी, इथे गोठा.

आता घोळ असा की गेल्या वर्षी पुनव १२ मेला होती, यंदा १ मेला आहे, कारण पुढे अधिक ज्येष्ठ येतोय. १ मेला चौथरा मोकळा हवा तर आत्तापासूनच विमोचक (धरणातून खाली पाणी सोडायची झडप) जास्त उघडावा लागेल. वाडीवाले म्हणतात उघडा. नळयोजनेवाले म्हणतात मेअखेर आम्ही काय प्यायचं. खालच्या बागायतीवाल्यांना पाणी हवंय पण सगळं एकदम नकोय. त्यात आमच्याच गावातली दोन कॉलेजची मुलं फुगवट्याच्या (धरणाचं पाणी मागे पसरतं त्या भागाच्या) टोकाला पक्षी मोजतात, ती म्हणतात पातळी झपकन उतरली तर सगळं बिघडेल. २२ तारखेला ग्रामसभा आहे.

माझं मत स्पष्ट आहे. ज्यांनी घरं दिली त्यांना वर्षातून एक दिवस चौथरा मोकळा मिळायलाच हवा. पण त्यापायी मेमध्ये कुणाच्या कळशीत गाळ येता कामा नये. हे दोन्ही जमतं का? तुमच्याकडे कसं करतात?

---

दादरचा_चाकरमानी | ३ फेब्रुवारी, १०.०५

मेमध्ये गावाला यायला देव हे एक कारण आणि आंबे हे दुसरं. आंबे आता दादरलाही मिळतात, तेव्हा देवाचं काय ते बघा हो :)

---

निवृत्त_शाखाभियंता | ४ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

कातळकर, आधी दोन गोष्टी सांगा. सांडव्याला दरवाजे आहेत का? आणि चौथरा विमोचकाच्या उंबरठ्याच्या वर आहे की खाली?

कोकणातल्या बहुतेक लहान धरणांना दरवाजाचा सांडवा नसतो. जुलैत धरण भरलं की वरचं पाणी आपोआप सांडतं, त्यात कोणाचा हात नाही. आपल्या हातात काय ते ऑक्टोबरनंतर विमोचकातून सोडायचं पाणी. त्यामुळे पातळीचं जे काही ठरवायचं ते खरं तर ऑक्टोबरात, धरण काठोकाठ भरलेलं असताना ठरवायचं. तेव्हा सगळ्यांचं मन मोठं असतं. एप्रिलात भांडणाशिवाय काही हाती लागत नाही.

आणि चौथरा जर उंबरठ्याच्या खाली असेल तर विमोचक सताड उघडून ठेवला तरी तो मोकळा होणार नाही. खालचा तो मृत साठा, तो फक्त उन्हाने आणि झिरपून कमी होतो.

---

कातळकर | ४ फेब्रुवारी, ८.३०

दरवाजे नाहीत, उघडा सांडवाच आहे. चौथरा उंबरठ्याच्या वर आहे, गुडघाभर.

---

स्पष्टवक्ता | ४ फेब्रुवारी, ११.२०

कोणाला राग आला तर येऊ दे. पिंडी हलवली, प्रतिष्ठा झाली, म्हणजे देव आता वरच्या देवळात आहे. खाली उरलेत ते दगड. शास्त्रानेच हलवलेल्या देवासाठी पिण्याचं पाणी ओतून द्यायचं हे मला पटत नाही. राज्याच्या जलनीतीतही पिण्याचं पाणी पहिलं, मग बाकीचं. विषय संपला.

---

सांगेकार | ४ फेब्रुवारी, दुपारी १.४५

@स्पष्टवक्ता, विषय इतक्यात संपत नाही हो. मी गोव्यातून लिहितोय, सांगे तालुक्यातून. आमच्या साळावली धरणाखाली कुर्डी गाव गेलं, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. लोक वाडें आणि वालकिणीला वसवले. तिथलं जुनं महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्याने दगड न् दगड सोडवून दुसरीकडे उभं केलं. तरी मेमध्ये पाणी उतरलं की कुर्डीकर सोमेश्वराच्या देवळाशी जमतातच, आणि ख्रिस्ती मंडळी आपल्या कपेलाच्या फेस्ताला येतात. माणसं देवासाठी येतात तशी आपल्या मातीसाठीही येतात. ते पाणी दक्षिण गोव्याच्या नळांना जातं हे त्यांना पुरतं ठाऊक आहे, त्यांनी कधी धरण रिकामं करा म्हटलेलं मी ऐकलं नाही. पातळी जशी उतरेल तसा दिवस धरतात.

कातळकर, तुमच्याकडे तिथीच धरायची असा आग्रह आहे का? सगळा तिढा तिथेच दिसतोय मला.

---

तिळारीचा_पोर | ४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१०

सांगेकार एकदम बरोबर बोललात. आम्ही तिळारीतले विस्थापित. आमचं धरण महाराष्ट्र-गोवा दोघांचं, पाण्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश वाटा गोव्याचा. पातळी किती ठेवायची ते आमच्या गावात बसून कोणी ठरवत नाही आणि ठरवणारही नाही. तुमचं धरण लहान आहे, ग्रामसभेत चर्चा तरी होतेय, हे भाग्य समजा आणि सोडू नका.

पातळीवरून आठवलं, २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले ते अजून आहेतच. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की काठाला हिरवं गवत येतं, तिथे ते येतात. तिथून बागा काही लांब नाहीत. पाणी कुठवर सरकतं यावर हत्ती कुठवर येतो हेही ठरतं, हे आमच्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही. २०२० मध्ये तिळारीला संवर्धन राखीव क्षेत्र केलं ते चांगलंच झालं, पण माड-केळीवाल्याचं नुकसान त्याने भरून येत नाही.

---

टिटवी | ४ फेब्रुवारी, रात्री ८.५५

पक्ष्यांच्या बाजूने लिहिते. "पाणी उतरवू नका" असं पक्षीवाले म्हणतात हा लोकांचा गैरसमज आहे. पाणी उतरायलाच हवं! हळूहळू उतरणाऱ्या काठावर उथळ चिखल तयार होतो, त्यात तुतवार, धोबी, शराटी, बगळे चरतात. काठोकाठ भरलेल्या धरणात त्यांना पाय टेकायला जागा नसते. अडई आणि हळदी-कुंकू बदकं उथळ, वनस्पती असलेल्या बाजूला असतात.

वाईट काय, तर आठवड्याभरात सगळं उतरवणं. चिखल एकदम उघडा पडतो, दोन दिवसांत तडकतो, आतले किडे-शिंपले मरतात, मग पुढचे दोन महिने तिथे काही नाही. आणि दुसरं, टिटवी उघड्या जमिनीवर खडे गोळा करून मार्चपासून अंडी घालते. मोकळ्या झालेल्या पात्रात गाड्या, मंडप, जेसीबी आला की घरटं जातं, ते दिसतही नाही इतकं मातीसारखं असतं. उत्सवाला माझा अजिबात विरोध नाही. फक्त गाड्या वर ठेवा आणि चालत उतरा.

---

बागायतदार_खालची_वाडी | ५ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

मी याच तालुक्यातला, दुसऱ्या धरणाखालचा. माड आणि पोफळी आहेत. कलिंगडवाल्याचं बरं, मार्चला माल निघाला की तो मोकळा. पोफळीला मेमध्येच पाणी लागतं, तेव्हा नाही मिळालं तर झावळं पिवळी पडतात, फळ गळतं आणि तो फटका पुढच्या वर्षापर्यंत पुरतो. आत्ता फेब्रुवारीत भरपूर पाणी सोडलं तर आम्हाला त्याचा उपयोग शून्य, कारण आत्ता विहिरीलाही पाणी आहे. ते सरळ पऱ्ह्यातून (ओढ्यातून) खाडीत जाणार. आमच्या धरणावर असंच झालं, कोणाच्या तरी कार्यक्रमासाठी एकदम सोडलं आणि मेमध्ये मोटारी बंद. पाणी वापर संस्था कागदावर आहे, २००५ च्या कायद्याखाली नोंदवलेली, बैठक मात्र मी पाहिलेली नाही.

---

खाडीकाठ | ५ फेब्रुवारी, ९.००

"सरळ खाडीत जाणार" म्हणजे वाया गेलं असं समजू नका ओ. आम्ही खाडीच्या तोंडाशी राहतो. वरून गोडं पाणी यायचं थांबलं की खारं वर चढतं, मार्चनंतर काठच्या विहिरी मचूळ होतात. कालवं, तिसऱ्या, मुळे ही सगळी शिंपल्यातली मासळी खाऱ्या-गोड्याच्या मेळावर वाढते. वरच्या गावांनी थेंब न् थेंब अडवला तर आमच्या बायका टोपलीभर तिसऱ्या कुठून आणणार? थोडं पण सारखं पाणी वाहतं राहिलं पाहिजे. एकदम लोंढा नको आणि एकदम बंदही नको.

---

मालवणी_आते | ५ फेब्रुवारी, १०.४०

आमच्या धामापुरात येवा आणि बघा. १५३० सालचा तळा, काठार भगवतीचा देऊळ, आणि पाणी अजून असा. २०२० साली जगातल्या जुन्या सिंचन वास्तूंच्या यादीत ह्या तळ्याचा नाव लागला. म्हातारी माणसां सांगतत, पूर्वी लग्नाक दागिने व्हये असले तर परडीत फुलां घालून तळ्यात सोडायची, दुसऱ्या दिसा दागिने वर येत. एकान परत केल्यान नाय, तेव्हापासून बंद. म्हणान सांगतंय, पाण्याकडसून घेतलास ता परत ठेवूक व्हया.

---

दादरचा_चाकरमानी | ५ फेब्रुवारी, १०.५५

आते, एक परडी माझ्या नावाने सोडा, सोन्याचा भाव बघितलात ना :)

---

मासेखाऊ | ५ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

माशांचं कोणीच बोललं नाही! जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की चढणीचे मासे नदीतून पऱ्ह्यात, पऱ्ह्यातून शेतात चढतात, अंडी घालायला. आमच्याकडे त्या रात्री आख्खी वाडी बॅटरी आणि कोयते घेऊन बाहेर. पूर्वी टोपल्या भरायच्या, आता कालवणापुरते मिळाले तरी नशीब. धरणाच्या भिंतीने वाट अडली हे एक. दुसरं म्हणजे मेअखेरपर्यंत खालचे कोंड (नदीतले खोल डोह) ओले राहिले तरच चढायला मासा शिल्लक राहणार. कोंड सुकला की खेळ खल्लास.

बाकी चढणीच्या माशांच्या तिखल्याला तोड नाही. त्रिफळं विसरायची नाहीत.

---

टिटवी | ५ फेब्रुवारी, १२.५०

@मासेखाऊ, गाभोळीचे मासे पहिल्याच रात्री कोयत्याने मारले तर पुढच्या वर्षी काय चढणार? निदान पहिले दोन दिवस तरी सोडा ना त्यांना.

---

मासेखाऊ | ५ फेब्रुवारी, १.१५

मान्य आहे, आमचे आजोबाही तेच म्हणायचे. लोक ऐकत नाहीत. पण देवाच्या नावाने मात्र ऐकतात हं! महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड बघा. वरदायिनी देवीचा कोंड, त्यातले मासे कोणी धरत नाही, मोठाले खडस अंगाला घासून फिरतात. मुरमुरे टाकले की पाणी नुसतं उकळल्यासारखं दिसतं. कुठला बोर्ड नाही, दंड नाही. वाड्याला तिळसेश्वरापाशी वैतरणेत तसंच आहे. म्हणून "खाली नुसते दगड उरलेत" हे मला पटलं नाही. त्या दगडांमुळे माणसं त्या पाण्याकडे लक्ष ठेवून असतात.

---

वाशिष्ठीकाठ | ५ फेब्रुवारी, दुपारी ३.२०

चिपळूणहून. पाणी सोडायचं म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. २२ जुलै २०२१ आम्ही विसरूच शकत नाही. बाजारपेठ पाण्यात आणि आम्ही वरच्या मजल्यावर. कोयनेचं वीज करून झालेलं पाणी कोळकेवाडीतून आमच्या वाशिष्ठीत येतं, त्यामुळे धरणातून किती सोडलं, कधी सोडलं यावर अजून वाद चालतात. आणि २०१९ च्या २ जुलैच्या रात्री तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली. आधी गळतीच्या तक्रारी होत्या.

कातळकर, तुमच्या धरणाचा विषय उन्हाळ्याचा आहे हे कळतं. पण पाणी खाली गेल्यावर भिंतीची आतली बाजू उघडी पडते. तेव्हा ती कोणीतरी जाणत्या माणसाने नीट चालून बघावी. दगडी पिचिंग कुठे बसलंय का, घुशी-खेकड्यांची बिळं आहेत का, झाडं उगवलीत का. उत्सवाच्या निमित्ताने एवढं झालं तरी सोनं.

---

निवृत्त_शाखाभियंता | ५ फेब्रुवारी, रात्री ८.००

वाशिष्ठीकाठ यांनी लाखातलं सांगितलं. त्यालाच जोडून एक, मातीच्या धरणाचं पाणी झपाट्याने उतरवायचं नसतं. भरावात पाणी मुरलेलं असतं. बाहेरचा दाब एकदम गेला आणि आतलं पाणी तितक्या लवकर निघालं नाही तर आतला उतार घसरतो. म्हणजे टिटवीताई पक्ष्यांसाठी "हळू उतरवा" म्हणतात, तेच भिंतीसाठीही लागू. १५ एप्रिलला जागे होऊन पंधरा दिवसांत चौथरा मोकळा करा म्हणाल तर मी तरी सही करणार नाही.

आता हिशेब. गावची वस्ती दोन हजार धरू. जलजीवनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे दिवसाला ११० घनमीटर. १ मे ते १५ जून धरले तर साधारण पाच हजार घनमीटर. तुमच्या धरणात दहा लाख घनमीटर मावतं. म्हणजे पिण्याला लागतं ते अर्धा टक्का!

खरा पिणारा सूर्य आहे. एप्रिल-मेमध्ये रोज पाच-सहा मिलिमीटर पाणी उडून जातं. तळाशी पाण्याचा पसारा पाच हेक्टर धरला तर रोज २५० घनमीटर, गावाच्या दुपटीहून जास्त. दीड महिन्यात सव्वाअकरा हजार. चौथऱ्यापासून उंबरठ्यापर्यंत गुडघाभर पाणी म्हणजे साधारण साडेबावीस हजार. त्यातून सूर्याचे सव्वाअकरा आणि गावाचे पाच गेले तरी शिल्लक राहतं, शिवाय खाली मृत साठा. यात झिरपा धरलेला नाही, जांभ्यात तो बराच असतो. पण कागदावर तरी १ मेला चौथरा मोकळा करून नळ चालू राहू शकतो. अट एकच, १ मेनंतर विमोचक बंद आणि धरणात टाकलेल्या मोटारी बंद.

---

बागायतदार_खालची_वाडी | ५ फेब्रुवारी, ८.२५

म्हणजे हिशेबात पोफळी गेली.

---

निवृत्त_शाखाभियंता | ५ फेब्रुवारी, ८.४०

हो, यंदा अडचण पोफळीचीच आहे, आणि मी ती लपवणार नाही.

---

नळकोंडाळं | ६ फेब्रुवारी, सकाळी ११.१०

साहेबांचा हिशेब बरोबर असेल पण तो धरणातल्या पाण्याचा आहे, हंड्यातल्या पाण्याचा नाही. मी आमच्या गावात पाणी समितीवर आहे. पाणी धरणात असतं आणि जॅकवेलमध्ये (नळाचं पाणी मोटरने खेचतात त्या विहिरीत) येत नाही, हे आम्ही दर मेमध्ये भोगतो. जॅकवेलचं खालचं भोक उघडं पडलं की मोटर हवा ओढते. उरलेलं पाणी पार मधल्या खड्ड्यात, लांब. मग डिझेल पंप आणा, पाइप जोडा, आणि जे येतं ते चहाच्या रंगाचं. तुरटी फिरवून ठेवा, सकाळी वरचं निवळलेलं काढा. पोरांची पोटं बिघडतात ती वेगळीच. हे सगळं बाईच्या अंगावर येतं, ग्रामसभेत मात्र बोलतात पुरुष.

तेव्हा कातळकर भाऊ, दीपमाळ कुठवर दिसते ते तुम्ही सांगितलंत, जॅकवेलचं भोक कुठे आहे ते सांगा. ते चौथऱ्याच्या वर असेल तर १ मेलाच तुमचे नळ बंद.

---

कातळकर | ६ फेब्रुवारी, रात्री ९.१५

ताई, आज पाणी समितीच्या माणसाला घेऊन बघितलं आणि जुना नकाशाही काढला. भोक चौथऱ्याच्या थोडं वरच आहे. म्हणजे तुमचा प्रश्न नेमका लागला.

---

निवृत्त_शाखाभियंता | ६ फेब्रुवारी, ९.५०

मग दोन मार्ग. एक, तराफ्यावरचा पंप, पाणी उतरेल तसा तो खाली जातो, आणि वरच्या थरातलं पाणी घेतो म्हणून गढूळही कमी येतं. दुसरा, मधल्या खोल भागापासून जॅकवेलपर्यंत चर मारायचा आणि खालच्या पातळीला नवीन भोक घ्यायचं. चर टिकाऊ, पण तो पाणी उतरल्यावरच मारता येतो, आणि दरवर्षी गाळ काढावा लागतो. "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजनेतून विचारा, २०१७ पासून आहे ती. गाळ शेतकऱ्यांनी आपल्या शेतात न्यावा.

---

टिटवी | ६ फेब्रुवारी, १०.०५

गाळ काढायला हरकत नाही, पण फुगवट्याचं वरचं टोक सोडून. तिथेच सगळा उथळ भाग आहे. भिंतीकडचा काढा ना, साठाही तिथेच वाढेल. आणि कामाआधी त्या कॉलेजच्या मुलांना फिरवून घरटी बघून घ्या, चार काठ्या रोवल्या की काम झालं.

---

स्पष्टवक्ता | ७ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

नळवाल्या ताईंनी माझंच म्हणणं नीट मांडलं. वाळणकोंडाचं उदाहरणही पटलं, पण तिथे देवीसाठी पाणी सोडत नाहीत, राखतात. इथे उलटं चाललंय. तिथी धरून बसण्यापेक्षा चौथरा ज्या दिवशी आपसूक मोकळा होईल तो दिवस धरा. २०२७ ला पुनव २० मेला येते, तेव्हा काही भांडणच नाही. अधिक महिना ज्या वर्षी पुढे असेल त्या वर्षीच अडचण, म्हणजे दोन-तीन वर्षांतून एकदा.

---

उठलेल्या_वाडीतला | ७ फेब्रुवारी, दुपारी २.००

मी कातळकरच्याच गावचा, ज्यांची वाडी उठली त्यातला, सध्या नालासोपारा. वाचत होतो, आता लिहितो.

"आपसूक मोकळा होईल तो दिवस" म्हणणं सोपं आहे. २०२३ ला मान्सून रत्नागिरीपर्यंत येऊन तिथेच अडकला, मुंबईला २५ जूनला पोचला. २०२५ ला २५ मेलाच कोकणात आला. पाण्याचा भरवसा नाही, पावसाचा नाही, आम्ही रजा कधी टाकायची आणि तिकीट कधी काढायचं? कोकण रेल्वेचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं आणि बघता बघता संपतं. तिथी असली की सगळे येतात. उद्या फोन करून "चौथरा उघडला, या" म्हटलं तर दहा माणसं येतील. माझी आई ऐंशीच्या पुढे आहे. तिला अजून किती पुनवा बघायला मिळतील ते मी सांगू शकत नाही.

आणि स्पष्टवक्ता, ते नुसते दगड असते तर आम्ही ते धुतले नसते. आमची जमीन गेली म्हणून खाली बागा झाल्या, नळ आले. आम्ही कधी त्याबद्दल बोललो नाही. वर्षातला एक दिवस मागतोय.

नळ बंद करून मात्र आम्हाला पूजा नको. आमच्याच भावकीतल्या सुना आहेत त्या गावात.

---

स्पष्टवक्ता | ७ फेब्रुवारी, २.४०

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. दगड हा शब्द मी मागे घेतो. मुद्दा मात्र अजून तोच आहे, यंदा १ मे जमत नसेल तर काय?

---

गावकर_मंडळी | ७ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.३०

कौल घ्या ना! आमच्याकडे असा पेच पडला की ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतात आणि कौल लावतात. देवाला सगळं खरं सांगायचं, नळाची ही स्थिती, पाण्याचा हा हिशेब, वाडीकरांची ही इच्छा. उजवा कौल पडला की मग कोणी तोंड वर काढत नाही, मानकरीही नाही आणि इंजिनिअरही नाही. मात्र हिशेब आधी करा आणि जे दोन-तीन मार्ग सगळ्यांना सोसतील तेच देवापुढे ठेवा.

---

मासेखाऊ | ७ फेब्रुवारी, ७.४५

यंदापुरती होडी का नाही? चौथऱ्यावर कमरेएवढं पाणी असेल, दीपमाळ तर खांद्याखाली उघडी असेल. होडीतून जाऊन दीपमाळेला दिवा आणि अभिषेक, महाप्रसाद काठावर. लाइफ जॅकेट घालूनच हां.

---

उठलेल्या_वाडीतला | ७ फेब्रुवारी, ९.२०

आईला विचारलं. म्हणाली, दीपमाळेला हात लागला तरी पुरे, पण पाणी तेवढं तरी उतरलं पाहिजे, आणि पुढच्या वर्षी चौथरा हवा.

---

कातळकर | ८ फेब्रुवारी, रात्री १०.००

सगळ्यांचे मनापासून आभार. आज गावात बसलो होतो, वाडीचे तीन, पाणी समितीच्या दोघी, खालचे बागायतदार आणि ती पक्षीवाली मुलं. ग्रामसभेपुढे काय न्यायचं ते लिहितो, त्रुटी असतील तर झोडा.

यंदा १ मेपर्यंत पाणी दीपमाळेच्या खालच्या पायरीला आणायचं, चौथऱ्याला नाही. त्यासाठी विमोचक आत्तापासून थोडा थोडा उघडा, रोजचं पाणी सारखं, म्हणजे भिंतीला आणि काठाच्या चिखलाला सोसेल. हे पाणी आधी काजूच्या नव्या कलमांना आणि कलिंगडाला, उरलेलं पऱ्ह्यातून खाली. १ मेनंतर धरणात मोटारी टाकायला बंदी. पण विमोचक पूर्ण बंद नाही, पोफळीसाठी आणि कोंडांसाठी आठवड्यातून ठरलेल्या दोन रात्री उघडायचा. जॅकवेलचं भोक उघडं पडायच्या आत थांबायचं, ही रेषा जॅकवेलवर रंगवून ठेवायची म्हणजे कोणालाही दिसेल.

चर आणि नवीन भोक मेअखेरपर्यंत. ते झालं की २०२७ ला २० मेला चौथरा मोकळा. आणि दर ऑक्टोबरात, धरण भरलेलं असताना, पुढच्या पुनवेची तारीख बघून वर्षाचं पाणी लिहून काढायचं, त्या बैठकीला खाडीकाठच्या गावालाही बोलवायचं. ग्रामदेवीला गाऱ्हाणं घालायचं ठरलंय, २१ तारखेला.

खात्याची परवानगी लागेलच, विमोचकाची चावी त्यांच्याकडे. ठरावाची प्रत देऊन पोच घेऊ.

---

बागायतदार_खालची_वाडी | ८ फेब्रुवारी, १०.२०

दोन रात्री पुरणार नाहीत मेच्या शेवटच्या आठवड्यात. पण आमच्या धरणावर एवढंही नाही. तुमचा ठराव झाला की फोटो टाका, मी आमच्या सरपंचापुढे ठेवतो.

---

खाडीकाठ | ८ फेब्रुवारी, १०.३५

बैठकीला आमचं माणूस नक्की येईल. तारीख आधी कळवा, भरतीची वेळ सोडून ठेवा म्हणजे झालं.

---

निवृत्त_शाखाभियंता | ९ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

पातळीची पट्टी जॅकवेलवर रंगवताना दीपमाळेच्या पायऱ्यांच्या खुणाही त्याच पट्टीवर बाजूला लिहा. मीटर खात्याला, पायऱ्या गावाला. आणि रोजची नोंद वहीत, तारीख आणि सहीसकट. पुढच्या ऑक्टोबरात ती वहीच कामाला येईल.

---

नळकोंडाळं | ९ फेब्रुवारी, ९.१०

भाऊ, ठरावात चर पहिल्या कलमात घ्या, शेवटच्या नको. शेवटचं कलम नेहमी "निधी उपलब्ध झाल्यास" होऊन बसतं. अंदाजपत्रक २२ तारखेच्या आधी करून घ्या आणि ग्रामसभेत ते पाणी समितीच्या बाईला वाचू दे. आणि चर होईपर्यंत मेमध्ये भाड्याने तराफ्यावरचा पंप कुठून मिळेल ते आत्ताच विचारून ठेवा, एप्रिलात सगळ्यांनाच लागतो.